काठमांडू खोऱ्यात सात दिवस: कागदपत्रांपासून खरेदीपर्यंत

आपल्याकडच्या बहुतेक सहलींमध्ये काठमांडूच्या वाट्याला दीड-दोन दिवस येतात. एका बसमध्ये पशुपतिनाथ, बुढानीलकंठ आणि स्वयंभू उरकायचं, दुपारच्या उन्हात दरबार चौकात अर्धा तास फोटो काढायचे आणि पोखऱ्याला किंवा मुक्तिनाथाला पळायचं. हा लेख त्या सहलीसाठी नाही. पूर्ण आठवडा फक्त खोऱ्यालाच देणाऱ्यांसाठी आहे.

आठवडा भरतो का? सहज भरतो. १७६८-६९ मध्ये पृथ्वीनारायण शाहाने जिंकेपर्यंत काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही तीन स्वतंत्र मल्ल राज्यं होती. त्यामुळे तिथे राजवाडे तीन, तलेजू भवानीची देवळं तीन आणि मुख्य पेठाही तीन. १९७९ साली युनेस्कोच्या यादीत गेलेली सात ठिकाणं (या तीन राजवाड्यांसमोरचे दरबार चौक, पशुपतिनाथ, स्वयंभू आणि बौद्धनाथ हे स्तूप, चांगुनारायण) सगळी एकाच खोऱ्यात आहेत.

आखणी करताना एक गोष्ट धरून चाला. ही देवळं वापरातली आहेत, म्हणून आपली वेळ सोडून त्यांची वेळ पाळा. सूर्योदयापासून नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर बाहेर पडायचं. मधला वेळ संग्रहालय, जेवण आणि झोप यांना द्यायचा. दुपारी चौकात फक्त पर्यटकांचे जथे आणि गाईड असतात.

## १. तारखा ठरवताना पंचांग त्यांचं पाहा

हवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यात स्वच्छ असते, त्याखालोखाल मार्च-एप्रिल. जून ते सप्टेंबर पाऊस. डिसेंबर-जानेवारीत दिवसा छान ऊन असतं, पण रात्री पारा दोन-तीन अंशांवर येतो आणि मध्यम दर्जाच्या हॉटेलांत खोली गरम करायची सोय बहुधा नसते. शिवाय सकाळच्या धुक्याने विमानं रखडतात. शहर सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे, तेव्हा विरळ हवेच्या त्रासाची काळजी नको.

खरी गफलत सणांच्या बाबतीत होते.

- श्रावणी सोमवार: नेपाळचा साउन महिना सौर आहे आणि तो जुलैच्या मध्यालाच सुरू होतो. आपल्या कालनिर्णयात श्रावण लागायच्या आधीच पशुपतिनाथाला सोमवारच्या रांगा लागलेल्या असतात.
- दशैं (त्यांचा दसरा): घटस्थापना आपल्याच दिवशी. सप्तमीपासून दशमीच्या पुढच्या दोन-तीन दिवसांपर्यंत अर्धं शहर गावी जातं आणि दुकानं बंद राहतात. अष्टमी-नवमीला ठिकठिकाणी उघड्यावर पशुबळी दिले जातात. ते पाहवणार नसेल तर हा आठवडा टाळाच.
- इंद्रजात्रा: हिचा मुख्य दिवस म्हणजे आपली अनंत चतुर्दशी. त्या दिवशी काठमांडूत कुमारीचा, म्हणजे जिवंत देवी मानलेल्या मुलीचा, रथ निघतो. घरी गणपती बसत असेल तर हा योग जुळणं कठीण, पण बसत नसेल तर याहून चांगला आठवडा नाही.
- बिस्का जात्रा: एप्रिलच्या मध्याला, नेपाळी नववर्षाच्या सुमारास, भक्तपुरात. रथ ओढण्याची रस्सीखेच पाहण्यासारखी असते, पण ती गच्चीवरून पाहावी, गर्दीत शिरून नाही.

साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे देवळांत गर्दी शनिवारी. ‘हाम्रो पात्रो’ हे नेपाळी पंचांगाचं ॲप आधीच उतरवून घ्या. तिकिटांवर आणि पावत्यांवर विक्रम संवतातली तारीख असते, ती इंग्रजी तारखेत फिरवायलाही हेच उपयोगी पडतं.

## २. कागदपत्रं

भारतीयांना व्हिसा लागत नाही, आणि लोक नेमके इथेच बेसावध राहतात. विमानाने जाताना प्रौढ व्यक्तीला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक, मूळ प्रत लागते. आधार कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन्स चालत नाही. पंधराच्या आतली मुलं आणि पासष्टच्या पुढचे ज्येष्ठ यांना वय दाखवणारं इतर फोटो ओळखपत्र चालतं. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं विहित नमुन्यातलं ओळखपत्र लागतं. नियमात सवलत असली तरी काउंटरवरच्या माणसाशी वाद घालत बसण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट न्यावेत.

पिशवीत एवढं असू द्या:

- प्रत्येकाचा पासपोर्ट किंवा मतदार कार्ड, आणि त्याच्या दोन झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, सिमकार्डासाठी
- परतीच्या तिकिटाची आणि हॉटेल आरक्षणाची छापील प्रत
- नेहमीची औषधं, चिठ्ठीसकट
- कापडी पट्टा आणि कापडी पाकीट (कारण पुढे येईल)
- धुळीसाठी मास्क, आणि सहज काढता-घालता येतील अशा चपला

विमान मुंबईहून थेटही मिळतं, दिल्लीहून पर्याय जास्त. दिल्लीहून जाताना डावीकडची खिडकी घ्या, हवा स्वच्छ असेल तर हिमालयाची रांग त्या बाजूला दिसते. येताना उजवीकडची. गोरखपूर-सुनौलीमार्गे रस्त्याने जाता येतं, पण त्यात जाता-येता दोन दिवस मोडतात आणि पावसाळ्यात दरडी कोसळतात. आठवडाच हाताशी असेल तर विमानच बरं.

## ३. पैसे: ‘आयसी’ की ‘एनसी’?

दर बांधलेला आहे: १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी. भारतीय रुपयांना तिथे आयसी म्हणतात, नेपाळी रुपयांना एनसी. सगळ्यात जास्त भांडणं याच दोन शब्दांवरून होतात. टॅक्सीवाला ‘पाचशे’ म्हणतो, तुम्ही एनसी समजता, उतरताना तो आयसी मागतो, म्हणजे थेट आठशे. किंमत विचारली की लगेच ‘आयसी की एनसी?’ हे विचारायचंच. हॉटेलच्या बाबतीत हे लेखी घ्या.

घरून निघताना बँकेतून शंभराच्या नोटांचं एक बंडल घ्या. शंभराची नोट खोऱ्यात बहुतेक ठिकाणी घेतात. पाचशेची नोट दुकानदार नको म्हणतात, किंवा घेतलीच तर दर पाडून घेतात. पोहोचल्यावर थोडे पैसे नेपाळीत करून ठेवा, कारण रिक्षा, देऊळ आणि भाजीवाली यांच्याशी सुट्ट्यांचाच व्यवहार सोपा पडतो. भारतीय यूपीआय फोनपे नेटवर्कच्या क्यूआरवर २०२४ पासून चालतं (हे नेपाळचं फोनपे, आपलं नव्हे). मात्र त्यासाठी तुमच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असावे लागतात, म्हणून हे घरीच तपासा. एटीएममधून दर वेळी शुल्क कापलं जातं, तेव्हा थोडे थोडे काढू नका.

## ४. मुक्काम दोन ठिकाणी

सहा रात्रींपैकी चार काठमांडूत आणि शेवटच्या दोन भक्तपुरात काढाव्यात. काठमांडूत ठमेल या पर्यटकांच्या वस्तीच्या दक्षिण टोकाला खोली घ्या. तिथून असन बाजार चालत दहा-पंधरा मिनिटांवर पडतो आणि रात्रीचा डीजेही जरा लांब राहतो. आरक्षण करताना खोली रस्त्याच्या बाजूला नको, असं स्पष्ट लिहा.

भक्तपूर बहुतेक जण अर्ध्या दिवसात पाहून परततात. पण ते शहर कळतं ते संध्याकाळी बसगाड्या गेल्यावर आणि पहाटे पूजेची ताटं घेतलेल्या बायका गल्ल्यांतून निघतात तेव्हा. शिवाय विमानतळ काठमांडू-भक्तपूर रस्त्यावरच आहे, म्हणजे शेवटच्या दिवशी शहराच्या कोंडीत अडकायचं कारण उरत नाही.

## ५. सिम आणि टॅक्सी

विमानतळावरच नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचं सिम घ्या. त्याला ओळखपत्र आणि फोटो लागतो. सिम हवंच, कारण पठाओ आणि इनड्राइव्ह ही ॲपं त्याशिवाय नीट चालत नाहीत आणि रस्त्यावरची टॅक्सी मीटरने येत नाही. ॲपवर दिसणारा आकडा हाच घासाघीस करतानाचा आधार. विमानतळावरून पहिल्यांदा निघताना प्रीपेड टॅक्सीचं काउंटर वापरा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायला विसरू नका.

## ६. पशुपतिनाथाचं दर्शन

याला वेगळा मथळा द्यावा लागतो, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांचा गोंधळ इथेच सर्वांत जास्त उडतो.

चामडं आत नेता येत नाही. पट्टा आणि पाकीट दोन्ही आले त्यात. ते हॉटेलवरच ठेवा. मुख्य आवारात फोटो आणि चित्रीकरणाला बंदी आहे. मुख्य आवारात हिंदूंनाच प्रवेश मिळतो, भारतीयांना शुल्क नाही.

सकाळी सहा-साडेसहाला पोहोचा. दुपारी गाभारा बंद असतो आणि संध्याकाळी पुन्हा उघडतो. पश्चिमेच्या दारातून आत शिरलं की समोर मोठा सोनेरी नंदी दिसतो. लिंगाला चार दिशांना चार मुखं आहेत: पूर्वेला तत्पुरुष, दक्षिणेला अघोर, पश्चिमेला सद्योजात, उत्तरेला वामदेव. पाचवं ईशान ते वरचं. म्हणून दर्शन एका दारातून आटोपायचं नसतं, चारही दारांतून घ्यायचं. लिंगाला स्पर्श करून पूजा करण्याचा अधिकार कर्नाटकातून आलेल्या भट्ट पुजाऱ्यांचाच. त्यांचे साहाय्यक भंडारी मात्र स्थानिक.

वाटेवरचे दुकानदार ‘चप्पल फुकट ठेवा’ म्हणून बोलावतात आणि मग हातात पूजेचं ताट देतात. ताट घ्यायला हरकत नाही, पण किंमत आधी विचारा, आयसी-एनसीसकट. रुद्राभिषेक किंवा विशेष पूजा करायची तर पावती पशुपति क्षेत्र विकास कोषाच्या काउंटरवरच घ्या. ‘आत ओळख आहे’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

दर्शनानंतर बागमतीच्या पूर्व काठावर जा. समोरच्या आर्यघाटावर दहनं चालू असतात. तिथे कॅमेरा खाली ठेवावा, ती कुणाच्या तरी घरची माणसं असतात. राख फासून बसलेले साधू फोटोचे पैसे मागतात, हे धरून चाला. टेकडी चढून गोरखनाथ, पलीकडे उतरून गुह्येश्वरी शक्तिपीठ, आणि तिथून बौद्धनाथ पायी अर्ध्या तासावर. माकडांपासून प्रसादाची पिशवी सांभाळा.

## ७. सात दिवसांची आखणी

पहिला दिवस. पोहोचा, आराम करा, आणि संध्याकाळी असन ते इंद्रचोक एवढंच चाला. हा तिबेटकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता, म्हणून शहराच्या आराखड्यात तो तिरपा गेलेला दिसतो. असनला अन्नपूर्णेचं देऊळ आहे. जवळच बांगेमुढाला, खिळे आणि नाणी ठोकलेला लाकडाचा ओंडका भिंतीत बसवलेला आहे. तो दातदुखीचा देव. आसपास दातांच्या डॉक्टरांच्या पाट्या ओळीने लागलेल्या आहेत, म्हणजे देवावर विश्वास नसला तरी सोय होते.

दुसरा. पशुपतिनाथ, गुह्येश्वरी, मग बौद्धनाथ. स्तूपाची उंची सुमारे ३६ मीटर. प्रदक्षिणा उजवीकडूनच घाला, गर्दीच्या उलट चालू नका. दुपारी एखाद्या गच्चीवर जेवा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. बागमतीची संध्याकाळची आरतीही पाहायची असेल तर बौद्धनाथची दुपार आखडती घ्यावी लागेल. दोन्ही नीट होत नाहीत, एक निवडा.

तिसरा. पहाटे स्वयंभू. पूर्वेच्या बाजूने ३६५ पायऱ्या आहेत. गुडघ्यांची तक्रार असेल तर टॅक्सीला पश्चिमेच्या दाराशी न्यायला सांगा. दुपारी विश्रांती. चारनंतर काठमांडूचा दरबार चौक: हनुमानढोका राजवाडा, कालभैरव, २०१५ च्या भूकंपात कोसळून पुन्हा उभारलेला काष्ठमंडप आणि १७५७ सालचं कुमारी घर. जिवंत देवी मानलेली ही मुलगी वरच्या खिडकीत येते, पण तिची ठरलेली वेळ नाही. ती आली की फोटो काढायचा नाही. कुणी चोरून काढतंय असं दिसलं तर खिडकी लगेच बंद होते. इथलं तलेजूचं देऊळ लोकांसाठी वर्षातून एकदाच, दशैंच्या नवमीला उघडतं, तेव्हा ‘आत नेतो’ म्हणणाऱ्या गाईडला हसून नमस्कार करा.

चौथा. पूर्ण दिवस पाटण. सकाळी सातला कृष्णमंदिर पाहा: १६३७ साली सिद्धिनरसिंह मल्लाने बांधलेलं, दगडी शिखराचं, एकवीस कळसांचं. मजल्यांवर महाभारत आणि रामायण पट्टीपट्टीने कोरलेलं आहे, दुर्बीण असेल तर न्या. ऊन चढलं की केशवनारायण चौकातलं पाटण संग्रहालय. खोऱ्यात एकच संग्रहालय पाहायचं तर हे. मूर्तींच्या मुद्रा आणि धातूकाम कसं होतं हे तिथे इतकं नीट मांडलंय की पुढच्या तीन दिवसांत देवळांकडे पाहायची नजरच बदलते. म्हणून याला दीड-दोन तास द्या. त्यानंतर हिरण्यवर्ण महाविहार (चामड्याचे बूट बाहेर), पाच मजली कुंभेश्वर, आणि ओकुबहालच्या बाजूला मूर्तिकारांच्या गल्ल्या.

पाचवा. सकाळी बुढानीलकंठ, कुंडात शेषावर पहुडलेला पाच मीटरचा विष्णू. तासाभरात होतं. दुपारी सामान घेऊन भक्तपूर. प्रवेशाच्या नाक्यावर सार्क देशांसाठीचा कमी दर मागा आणि पासपोर्ट दाखवा, नाहीतर परदेशी दर लागतो. दोन रात्री राहणार असल्याचं सांगून तिकिटाची मुदत वाढवून घ्या. हा सार्क दर इतर दरबार चौकांतही आहे. तिकीट खिशात ठेवा, आत पुन्हा तपासतात.

सहावा. पहाटे तौमढी चौक. १७०२ सालचं न्यातपोल, पाच मजले आणि पाच जोतीं. पायऱ्यांवर खालून वर पहिलवान, हत्ती, सिंह, शार्दूल आणि शेवटी बाघिनी-सिंघिनी या देवी. प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा दहापट बलवान असं मानतात. मग पंचावन्न खिडक्यांचा राजवाडा आणि १७५३ चं सोनेरी दार. नऊनंतर टॅक्सीने चांगुनारायण, साधारण सहा किलोमीटर. मानदेव राजाचा इसवी सन ४६४ चा शिलालेख तिथेच, गरुडाजवळ. आवारातली विश्वरूप विष्णूची मूर्ती पाहिल्याशिवाय निघू नका. इथे गर्दी नसते, त्यामुळे घाई करायचं कारण नाही.

सातवा. सकाळी दत्तात्रेय चौक. १४२७ मध्ये यक्ष मल्लाच्या काळातलं हे देऊळ एकाच झाडाच्या लाकडातून उभं राहिलं अशी समजूत आहे. गाणगापूर-नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्यांनी हे चुकवू नये. शेजारच्या पुजारी मठाच्या भिंतीवर प्रसिद्ध मयूर खिडकी आहे. ती एका अरुंद गल्लीत वर आहे, मान उचलली नाही तर चुकते. मग कुंभारवाडा, आणि विमानतळ.

दक्षिणकाली या आखणीत मुद्दाम घेतलेली नाही. जायचंच असेल तर शनिवार आणि मंगळवार सोडून जा, त्या दिवशी बळी असतात.

## ८. खाणं

शाकाहारींनी एक शब्द पाठ करावा: ‘बफ’ म्हणजे म्हशीचं मांस. मोमो, छोयला, समयबजीचं ताट, सगळीकडे तेच गृहीत असतं. ‘शाकाहारी’ असं स्पष्ट सांगा. दाल-भात-तरकारी पोटभर मिळते, वाढपी पुन्हा पुन्हा वाढतो. त्यासोबत गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, मागा. फोडणी मोहरीच्या तेलाची असते, पहिल्या दिवशी वास जाणवतो. नेवारी, म्हणजे खोऱ्यातल्या मूळ नेवार लोकांच्या, पदार्थांत डाळीचा बारा आणि तांदळाच्या पिठाची चटामरी बिनमांसाची मिळते. भक्तपुरात मातीच्या भांड्यातलं जुजु धौ, म्हणजे म्हशीच्या दुधाचं घट्ट दही, दिवसाला एक तरी. नळाचं पाणी पिऊ नका.

## ९. बाजार: काय, कुठे आणि कसं तपासून

ठमेलमध्ये भाव चढा सांगतात, तिथे घासाघीस करा. असनमध्ये गिऱ्हाईक स्थानिक, म्हणून भाव बऱ्यापैकी खरा.

पश्मिना. रस्त्यावर तीन-चारशेला मिळते ती व्हिस्कोस किंवा ॲक्रिलिक. शाल अंगठीतून जाते ही परीक्षा नव्हे, पातळ व्हिस्कोसही जातं. झालरीचा एक धागा मागून जाळा: केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख असेल तर लोकर. कागदाचा वास आला तर व्हिस्कोस, वितळून गोळी झाली तर ॲक्रिलिक. रेशीम मिसळलेली शाल वाईट नसते, पण प्रमाण लिहून घ्या. ‘च्यांग्रा पश्मिना’ ही नोंदणीकृत खूण पाहा.

रुद्राक्ष. पंचमुखी मुबलक पिकतो, म्हणून स्वस्तच असायला हवा. महाग मुखांमध्ये फसवणूक होते: रेषा कोरलेल्या किंवा दोन मणी चिकटवलेले. भिंगाखाली रेष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते का ते पाहा. पाण्यात बुडतो की तरंगतो यावरून काही सिद्ध होत नाही. गोल एकमुखी कुणी दाखवला तर पुढे चला.

थांका, म्हणजे कापडावरची बौद्ध चित्रं. भिंगातून बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील. हाताच्या कामात रेषेची जाडी बदलत जाते.

धातूच्या मूर्ती. पाटणमध्येच घ्या. मेणाच्या साच्याची ओतीव मूर्ती, प्रत्येक वेळी साचा फुटतो म्हणून किंमत जास्त. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि नवी मूर्तीही जुनी दिसत असेल तर पुरातत्त्व विभागाचा दाखला लागतो. तो दुकानदाराकडून करून घ्या, नाहीतर विमानतळावर मूर्ती अडकते.

इंद्रचोकात पोत्यांचा, म्हणजे बारीक काचमण्यांच्या माळांचा बाजार आहे. समोर बसून माळ हव्या त्या लांबीची ओवून देतात. असनमधून टिमूर (तिरफळासारखा मसाला), इलामचा चहा आणि लप्सी या आंबट फळाचा आंबटगोड तितौरा. लोक्ता या झुडपाच्या सालीपासून केलेल्या कागदाच्या वह्या हलक्या असतात, भेट द्यायला सोप्या.

## १०. परतताना

खुकुरी घेतली असेल तर ती चेक-इन सामानातच. नेपाळी नोटा भारतात बदलून मिळणं अवघड, म्हणून शेवटच्या दिवशीच संपवा किंवा विमानतळावर फिरवा आणि त्यासाठी आधीच्या विनिमयाची पावती जपून ठेवा. भारताकडे येणाऱ्या विमानांची तपासणी लांबते, तेव्हा तीन तास आधी पोहोचा. भक्तपूरहून निघताना सकाळच्या वेळी एवढ्याशा रस्त्यालाही पाऊण तास धरा.